जाड पाइपवर जॅक बसणार कुठे?

पाऊस सुरू झाला की गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तो मेसेज परत फिरायला लागतो. यंदा मला तो तीन ठिकाणांहून आला, त्यातला एक तर सोसायटीच्या पार्किंगच्या ग्रुपवर. मजकूर थोडक्यात असा: कंपनीचा जॅक म्हणजे खेळणं, भंगारात द्या. गाडीच्या दोन्ही बाजूंना जाड पाइप मारून घ्या, एक हाय-लिफ्ट जॅक (उंच उभ्या पट्टीवर खटक्याखटक्याने वर चढणारा) घ्या, पाइपला कुठेही लावा, गाडी दोन मिनिटांत वर. पाइप जितका जाड तितका भरवशाचा. चॅसिसला वेल्ड केलंत तर जन्माचं काम. कुठल्याही एसयूव्हीला चालतं. खाली अंगठ्यांची रांग.

प्रत्येक वाक्यात चिमूटभर खरं आहे, म्हणून तर तो मेसेज मरत नाही. पण मी यातलं जवळजवळ सगळं स्वतः करून बसलोय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

‘कुठल्याही एसयूव्हीला’ हे आधी निकालात काढू. थार, जिम्नी, गुरखा, स्कॉर्पिओ-एन यांना खाली शिडीसारखी वेगळी चॅसिस आहे. क्रेटा, डस्टर यांना नाही. तिथे बॉडी हाच सांगाडा. अशा गाडीला बाजूने पाइप मारायचा तर तो दाराखालच्या पत्र्यालाच मारावा लागतो. त्यावर जॅक चढवला तर पाइप जागचा हलणार नाही कदाचित, पत्रा मात्र आत जाईल. त्या गाड्यांना कंपनीने जॅकसाठी जिथे खाच दिलीय तीच जागा. विषय संपला.

आता चॅसिसवाल्या गाड्या. इथे पहिला घोळ शब्दांचा आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ‘साइड पाइप’ मागितला की दोन पूर्णपणे वेगळ्या वस्तूंपैकी काहीही हातात पडतं. एक साइड स्टेप, म्हणजे चढायला पायरी. पातळ ब्रॅकेटवर, बॉडीच्या भोकांत कसलेली. दुसरा रॉक स्लायडर, चॅसिसच्या रुळालाच (त्या शिडीच्या लांब बाजूलाच) जाड पायांनी धरलेला, गाडी दगडावर टेकली तर वजन झेलणारा. पावडर कोटिंग करून भिंतीला टेकवून ठेवले की दोन्ही सारखेच दिसतात. मला दुकानदाराने सांगितलं होतं, “शेठ, इसपे हाथी खडा करो, कुछ नहीं होगा.” हत्ती उभा राहील हो! पण हत्ती वरून खाली दाबतो. जॅक खालून वर ढकलतो, तोही बाहेरच्या कडेला. पायरीचं ब्रॅकेट उलट्या दिशेच्या आठशे किलोंसाठी बनवलेलंच नसतं. ओळखायची खूण सोपी: गाडीखाली वाका आणि पाइपचे पाय कुठे जातात ते बघा. चॅसिसपर्यंत पोचत नसतील तर त्याला जॅक लावायचा नाही, मग पाइप कितीही जाड असो.

‘कुठेही लावा.’ मेसेजमधलं सगळ्यात धोक्याचं वाक्य हेच.

माझे स्लायडर खरे होते, चॅसिसला धरलेले, गोल पाइपचे. जुलैत कर्जतच्या पुढे एका कच्च्या रस्त्यावर मागचं डावं चाक चरात गेलं. हाय-लिफ्टची जीभ, म्हणजे वजन उचलणारा पुढे आलेला भाग, पाइपखाली घातली, मित्राने दांडा मारायला घेतला. चाक सुटायला दोन खटके राहिले असताना जॅक गाडीच्या लांबीच्या दिशेने सरकला आणि आडवा झाला. गाडी धपकन खाली. माणसं बाजूला होती, वाचली. जॅकची उभी पट्टी मात्र मागच्या पत्र्यावर वीतभर पोचा पाडून गेली. घरी आल्यावर चिखल धुतला तेव्हा पाइपच्या पोटावर पावडर कोटिंग खरवडून निघालेली चकचकीत रेघ दिसली, सरळ, चार बोटं लांब. गोल पाइपवर सपाट लोखंडी जीभ. मध्ये चिखलाचं वंगण. ती थांबणार कशावर?

म्हणजे स्लायडर मजबूत असणं वेगळं आणि जॅकला बसायला जागा असणं वेगळं. पहिली गोष्ट विकत मिळते. दुसरी बहुतेक वेळा आपल्यालाच करून घ्यावी लागते.

करायची कशी? आधी वाटतं तसं, म्हणजे पाइपच्या पोटाला खाली दोन कान वेल्ड करून, नाही. तसं मी पहिल्यांदा करवून घेतलं होतं. स्लायडरचं काम दगडावरून घसरत जाण्याचं. पोटाखाली लोंबणारा कान पहिल्याच दगडात आकड्यासारखा अडकतो. माझा एक तसाच वाकला. दुसऱ्या खेपेला फॅब्रिकेटरने डोकं लावलं. जिथे स्लायडरचा पाय पाइपला मिळतो, त्या काखेत सहा मि.मी.च्या पट्टीचा इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा खिसा बसवला, दोन्ही भिंती वर पाइपला आणि मागे पायाला वेल्ड. खिशाचा तळ पाइपच्या तळाच्या वरच राहतो, त्यामुळे दगडाला लागत नाही. जॅकची जीभ खिशात बसते आणि पुढे-मागे भिंत लागते. माप आपल्या जॅकच्या जिभेचं घ्यायचं, दोन्हीकडे दोन-तीन मि.मी. मोकळीक ठेवून, मित्राच्या जॅकचं नाही. एका बाजूला असे दोन खिसे, पुढच्या आणि मागच्या पायाशी. वेल्डिंग नकोच असेल तर पाइपवर बसणारा सुटा खोगीर-अडॅप्टर घ्या आणि तो पायाजवळच बसवा. पाइपच्या मधोमध, दोन पायांच्या मध्ये, काहीही लावू नका.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. एक बाजू वर गेली की गाडी पलीकडच्या चाकांवर कलते आणि स्लायडर वर जाताना थोडा आतही जातो. जॅकचा पाया जमिनीवर जागच्या जागी, त्यामुळे उभी पट्टी वरून गाडीकडे झुकते आणि दाराला भिडते. पाइप दाराच्या रेषेच्या आत असेल तर जॅक लावायच्या आधीच पोचा ठरलेला.

‘पाइप जितका जाड तितका भरवशाचा.’ इथे जरा आकडेमोड करू. थारचं वजन साधारण पावणेदोन टन. एक पूर्ण बाजू उचलली तर जॅकवर निम्म्याच्या आसपास, ८०० किलो धरा. पाइप चॅसिसच्या रुळापासून ३० सें.मी. बाहेर असेल तर रुळाला बसणारा पीळ झाला २४० किलोग्रॅम-मीटर. मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला तीन धडधाकट माणसं लोंबकळल्यावर जो पीळ बसेल तो. हा पीळ पाइप खात नाही. पाय खातात, पायाची बेसप्लेट खाते आणि शेवटी रुळाचा पत्रा खातो. पाइप दुप्पट जाड केल्याने यातलं काहीही बदलत नाही. दारूखान्याच्या भंगारबाजारातून जाडजूड पाइप उचलून आणण्यापेक्षा तेच पैसे चौथ्या पायावर आणि पायाखालच्या त्रिकोणी आधारपट्टीवर घाला. जाडीचा उपयोग दगडावर आपटताना आहे, तो नाकारत नाही.

‘वेल्ड केलं की जन्माचं काम.’ ज्याने हे लिहिलं त्याने मुंबईत चार पावसाळे गाडी उघड्यावर लावलेली नसावी. चॅसिसचा रूळ बंद पेटीसारखा असतो. बाहेरून वेल्ड मारला की आतला रंग जळतो, तिथे ब्रश पोचत नाही, आणि खारी हवा आपलं काम करत राहते. शिवाय रुळाच्या उभ्या भिंतीवर वरून खाली मारलेली वेल्डची रेघ म्हणजे तडा जायला आखून दिलेली वाट. वेल्ड करायचाच तर आधी मोठी प्लेट, तिच्या कडा तिरप्या, आणि पाय त्या प्लेटवर. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढलेली, आणि रुळाच्या कडेने जाणारी ब्रेकची नळी, इंधनाची नळी, वायरिंग बाजूला केलेलं किंवा झाकलेलं. हे सगळं करणारे कारागीर आहेत, पण ‘अर्ध्या तासात देतो’ म्हणणारा त्यातला नव्हे. आणि जीआय पाइप स्वस्त पडतो म्हणून कोणी आणलाच, तर त्यावरचं जस्त जळून पांढरा धूर निघतो आणि रात्री वेल्डरला ताप भरतो. एमएस, म्हणजे साधा पोलादी पाइप घ्या.

मी बोल्टवाला पर्याय निवडला. चॅसिसवर कंपनीचीच भोकं असतात, त्यात १०.९ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे बोल्ट. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर परत कसायचे. पाइपच्या सगळ्यात खालच्या जागी आठ मि.मी.चं भोक पाण्याला. नाहीतर ऑगस्टमध्ये गाडी वळवली की पाइपमधून डबक्याचा आवाज येतो, माझ्या पहिल्या जोडीतून यायचा.

एका ग्रुपवर त्या मेसेजला ‘आरटीओ काही बोलत नाही’ हेही जोडलेलं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीतल्या फेरफारांबद्दल बोलतं, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर नियमाबाहेरच्या प्रत्येक फेरफारामागे मालकाला ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. अजून कोणी पकडलं नाही, एवढाच त्या वाक्याचा अर्थ.

राहिलं ‘दोन मिनिटांत वर’. हाय-लिफ्टने बॉडी लगेच वर जाते, चाक नाही. आपण चॅसिस उचलतोय. स्प्रिंग उलगडत जातं आणि चाक जमिनीलाच चिकटून राहतं. लांब सस्पेन्शनच्या गाडीत चाक सुटेपर्यंत गाडी भीती वाटावी इतकी कललेली असते. थारच्या मागे दोन्ही चाकं जोडणारा अखंड एक्सल आहे. तो आधी रॅचेटच्या पट्ट्याने चॅसिसला बांधून घेतला तर निम्मे खटके वाचतात. आणि नुसतं पंक्चर असेल, जमीन बरी असेल, तर एक्सलखाली बॉटल जॅक. चाक लगेच सुटतं, गाडी फारशी कलत नाही. कंपनीचा जॅक भंगारात देऊ नका तो याचसाठी.

उतरवताना हाय-लिफ्ट जास्त चावतो. खटका उलटा करताना दांडा उभ्या पट्टीला टेकलेला नसेल तर तो सुटून वर येतो, आणि वाकून बघणाऱ्याची हनुवटी नेमकी तिथेच असते. वजन फार कमी उरलं की तो पायरीपायरीने न उतरता एकदम घसरतो. खटक्याच्या पिनांत चिखल असेल तर मधेच अडकतो, म्हणून मी डब्ल्यूडी-४० चा डबा जॅकजवळच ठेवतो. मागच्या दाराला बाहेर लटकवलेले जॅक तर पावसाळ्याअखेर हलतही नाहीत. जॅकखाली हातभर रुंद जाड फळी, पलीकडच्या बाजूच्या चाकांना दगड, आणि काढलेली स्टेपनी चॅसिसखाली आडवी सरकवलेली.

कर्जतच्या त्या प्रकारानंतर आम्ही घड्याळ लावून बघितलं. दोन मिनिटं नाही, चोवीस. त्यातली नऊ धड दगड शोधण्यात गेली.