गोधडीखालचं घड्याळ

मे महिना, डोंबिवली, सकाळी नऊलाच शर्ट पाठीला चिकटतो असला दमट उकाडा, आणि मी जिन्यातून खाली उतरतोय ते फुल स्वेटर, पायमोजे आणि कानटोपी घालून. वॉचमनने मला वरून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "काय साहेब, काश्मीर का?" म्हटलं नाही रे बाबा, दूध आणायला.

झालं काय, जानेवारीत माझा हार्टचा मायट्रल व्हॉल्व्ह बदलला. मेटलचा बसवलाय, त्यामुळे रक्त पातळ करायची गोळी, वॉर्फरिन, आता जन्मभर. आणि तेव्हापासून ही थंडी जी अंगात शिरलीय ती पागडीच्या भाडेकरूसारखी, निघायचं नावच घेत नाही. ऑपरेशनच्या वेळी हार्ट-लंग मशीनवर घेऊन अंग मुद्दाम थंड करतात, माझं 32 डिग्रीपर्यंत आणलं होतं म्हणे, मग परत गरम करतात. मला दाट संशय आहे की गरम करताना कोणीतरी गॅस बारीक ठेवला.

शेजारच्या काकांची थिअरी वेगळी. "अरे सोपं आहे, घट्ट वरण लवकर निवतं का? नाही. पातळ आमटी? ताटात वाढेपर्यंत गार! तुझी आमटी झालीय." मला हे इतकं पटलं की मी जाऊन डॉक्टरांना तसंच्या तसं सांगितलं. ते हसले नाहीत, म्हणजे आधीही कोणीतरी सांगितलं असणार. म्हणाले, "अहो, रक्त पातळ-बितळ काही होत नाही, गोठायला जास्त वेळ लागतो एवढंच. तुमचं हिमोग्लोबिन आलंय 9.6, वजन उतरलंय सात किलो, त्यात ती हार्टची गोळी, मेटोप्रोलॉल, हातपाय गार पाडते. थंडी वाजणार नाही तर काय होणार? थायरॉईड पण करून घ्या एकदा."

पण थंडी वाजते म्हटल्यावर अख्खी बिल्डिंग उष्ण पदार्थ घेऊन दारात. डिंकाचे लाडू, अळीव, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा आलं-लसूण-दालचिनीचा काढा, जो मी दोन आठवडे गुपचूप प्यायलो. माझा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, 2.5 ते 3.5 मध्ये हवा, तो आला 4.2. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येत होतं तेच मुळात बायकोला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी फोनवर डोस बदलून दिला आणि विचारलं, नवीन काही खाताय-पिताय का? मी गप्प. बायकोने मात्र ओट्यावरच्या पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि काढा सिंकमध्ये गेला. त्यात मुलगी गूगल करून सांगते, "बाबा, तुमचं वॉर्फरिन आधी उंदीर मारायला वापरायचे, 1948 पासून." हिने लगेच, "तरीच पोळ्या कुरतडत खाताय हल्ली."

खरी लढाई रात्रीची. हिची पन्नाशी, हॉट फ्लश सुरू, त्यामुळे हिला फॅन पाचवर पाहिजे. मला फॅनकडे नुसतं बघितलं तरी हुडहुडी भरते. मी शून्यावर करतो, ही पाचवर, रेग्युलेटरचं बटण शेवटी हातात आलं. बरं, फॅन बंद केला की दुसरीच भानगड. तो मेटलचा व्हॉल्व्ह वाजतो हो! टिक, टिक, टिक, स्वस्तातल्या अलार्म क्लॉकसारखा, सगळं शांत झालं की अगदी स्पष्ट. पहिल्या आठवड्यात ही उशी कानावर घेऊन म्हणायची, "अहो, फॅन लावा, ती टिकटिक ऐकू येतेय." फॅन लावला की टिकटिक बंद, पण मी कुडकुडतोय, आणि दातांची टकटक सुरू. म्हणजे हिला काही ना काही वाजणारच.

शेवटी तह झाला. फॅन तीनवर, माझ्या अंगावर आईच्या जुन्या नऊवारीच्या दोन गोधड्या, डोक्यावरून. मला ऊब, हिला वारा, टिकटिक गोधडीच्या आत. चार दिवस मस्त झोप लागली. पाचव्या रात्री दोनच्या सुमाराला अचानक अंगावर गार वारा, बघतो तर हिने दोन्ही गोधड्या ओढून काढल्यात आणि छातीला कान लावून बसलीय.

"काय झालं गं?"

"काही नाही. ऐकू येत नव्हतं. चालू आहे."

आणि कूस वळवून घोरायला लागली. तेव्हापासून रोज रात्री एक फेरी असतेच, कधी दोन. गोधड्या परत घ्यायचं काम माझं.