उलटं पुस्तक सरळ कराचे दहा रुपये

सत्तर रुपये गेले. त्यातले साठ स्पायरल बाइंडिंगचे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. उरलेले दहा "उलटं पुस्तक सरळ कराचे". हे त्या झेरॉक्सवाल्या पोरानं माझ्या तोंडावर सांगितलं, आणि मी दिले. आज चौथा दिवस आहे, अजून पोटात ढवळतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवतो, वय सत्तेचाळीस, आणि मला अरबी शिकायची आहे. हे वाक्य यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात उच्चारून पाहा. फ्रेंच शिकतो म्हटलं असतं तर लोकांनी पोरांना माझं उदाहरण दिलं असतं. अरबी म्हटल्यावर आमच्या मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे न?" बायकोनं विचारलं, "अहो, दुबईत मास्तर घेतात का?" नाही म्हटल्यावर तिचा विषय संपला.

खूळ डोक्यात शिरलं ते शब्दांमुळे. पाचवीच्या वर्गात एका पोरीनं विचारलं, "सर, खरीप म्हंजे काय?" मी म्हटलं, पावसाळ्यात पेरतात ते पीक. "ते माहीत हाये. शब्दाचा अर्थ?" जन्म गेला कापसाच्या, म्हणजे आमच्या पऱ्हाटीच्या, धुऱ्यावर, आणि मला अर्थ माहीत नव्हता. शोधला तर अरबी निघाला : खरीफ म्हणजे शरद ऋतू, पीक हाती येतं तो काळ. रब्बी म्हणजे वसंत. मग मी एकेका शब्दाची कॉलर धरत सुटलो. महसूल म्हणजे मुळात पीक, उत्पन्न. गरीब म्हणजे परका, अनोळखी. हरकत म्हणजे हालचाल. आमच्या कचेरीत हरकत आली की होती ती हालचालही थांबते. आणि तक्रार म्हणजे पुनरावृत्ती. हा एकच शब्द आमच्या तालुक्यात अजून मूळ अर्थानं वापरला जातो.

तर पुस्तक हवं. तालुक्याच्या गावी पुस्तकाचं दुकान म्हणजे गाइड, पोलीस भरती, तलाठी भरती, आणि कोपऱ्यात व्रतवैकल्यं. एसटी स्टँडवर मात्र एक पुस्तक सापडलं, तीस दिवसांत अरबी शिकवणारं, हिंदीतून. त्यात अरबी अक्षर एकही नाही, सगळं देवनागरीत. "पासपोर्ट मालकाकडे आहे", "पगार कधी मिळणार", "माझी तब्येत बरी नाही". विनोदी वाटलं, म्हणून घेतलं. रात्री वाचताना वाटेना. हे पुस्तक कोण घेतं आणि पहिल्यांदा कुठलं पान उघडतं, ते त्या तीन वाक्यांत होतं.

शिवाय ती नेमकी कुठली अरबी, हाही प्रश्न. कारण अरबी ही एक भाषा नाही. पुस्तकातली, बातम्यांतली ती फुसहा. आणि घरात बोलायची ती प्रत्येक मुलखाची निराळी. "काय" म्हणायला फुसहात "मा" किंवा "माज़ा", इजिप्तमध्ये "एह", सीरिया-लेबनॉनकडे "शू". हे मात्र मला कोणी समजावून सांगायला नको. मी वर्गात "कशासाठी" शिकवतो आणि घंटा झाली की "काहून" बोलतो.

दुसरं पुस्तक ऑनलाइन मागवलं. कुरिअरवाला गावात येत नाही; तो तालुक्याहून फोन करतो आणि "घरी कोणी नव्हतं" असं लिहून मोकळा होतो. बारा किलोमीटर जाऊन आणलं. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाचं 'अल-किताब', कॉलेजच्या पोरांसाठी केलेलं. त्यातल्या महा नावाच्या मुलीचे वडील संयुक्त राष्ट्रसंघात भाषांतरकार आहेत. त्यामुळे मला अरबीत "पाणी द्या" म्हणता येण्याआधी "संयुक्त राष्ट्रसंघ" म्हणता यायला लागलं : अल-उमम अल-मुत्तहिदा. गावात याचा उपयोग एकदाच झाला, ग्रामसभेत, मनातल्या मनात.

तिसरा आला कोश. हान्स वेअर या जर्मन माणसाचा; मूळ 1952चा, इंग्रजी अवतार 1961चा. यात शब्द जसा दिसतो तसा सापडत नाही. अरबी शब्द बहुतेक तीन अक्षरांच्या मुळातून फुटतो. क-त-ब म्हणजे लिहिणं. त्यातून किताब, कातिब म्हणजे लिहिणारा, मक्तब म्हणजे कचेरी, मक्तूब म्हणजे लिहिलेलं. कोशात मक्तब शोधायचा तर म वर नाही, क-त-ब खाली. म्हणजे नातवाची जमीन शोधायला आजोबाच्या नावावर जायचं. तलाठ्याकडे पंधरा वर्षं खेटे घातल्यामुळे मला ही पद्धत लगेच जमली.

इथं थोडं रडून घेतो. एसटी स्टँडवरचं सोडलं तर ही सगळी पुस्तकं इंग्रजीतून अरबीकडे नेतात. मराठीतून अरबीकडे नेणारं एकही मला मिळालं नाही. आमच्या भाषेत अरबी शब्द पोत्यानं पडलेत. हिशोब, हुकूम, वकील, इमारत, सगळे तिकडचे. पण त्यांच्या घरी जायचं तर व्हाया इंग्लंड-अमेरिका. कायदा, हरकत, तारीख हे शब्द मला पाळण्यापासून माहीत, आणि पुस्तक मला ते "न्यू व्होकॅब्युलरी" म्हणून शिकवतं.

शेवटी शेजारच्या उर्दू शाळेतले सर म्हणाले, "पहले क़ायदा लीजिए." क़ायदा म्हणजे अक्षरओळखीचं पुस्तक. मी सत्तेचाळिसाव्या वर्षी कायदा हातात घेतला. अठ्ठावीस अक्षरं. ती शेजाऱ्याचा हात धरतात आणि जागेप्रमाणे रूप बदलतात. सहा मात्र पुढच्याचा हात धरत नाहीत, अशी माणसं प्रत्येक स्टाफरूममध्ये असतात. ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत, ज्याचे त्यानं समजून घ्यायचे. आणि क दोन. एक साधा, एक घशातून. क़ल्ब म्हणजे काळीज आणि कल्ब म्हणजे कुत्रा. मी आरशासमोर उभा राहून चार दिवस काळजाचा सराव केला. शेजारचा मोती रोज दारात येऊन बसू लागला.

त्याच सरांनी सांगितलं ते, कायदा मोजला नाही तर, चौथं पुस्तक, मदिना विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं, तीन भागांचं. लेखक व्ही. अब्दुर रहीम मूळचे तमिळनाडूतल्या वाणियंबाडीचे, हे कळल्यावर मला फारच धीर आला. पहिला भाग नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवर सापडला, पानं सुटी झालेला. इंग्रजीचं नाव नाही. पहिला धडा : हाज़ा बैतुन. हे घर आहे. मग मशीद, दार, पुस्तक, पेन. मग : हा कुत्रा आहे का? नाही, हे मांजर आहे. असली खरी, निरुपद्रवी वाक्यं वाचून मला भरून आलं. संयुक्त राष्ट्रसंघ कुठंच नाही.

तर ती सुटी पानं घेऊन मी झेरॉक्सच्या दुकानात गेलो. "बाइंडिंग करून ठेव, बँकेत जाऊन येतो," म्हणालो. ही माझी चूक. पोरगा मानेला मोबाइल दाबून एकीकडे पीक विम्याचे फॉर्म भरत होता. बाकावर एक मामा, पांढरं धोतर, हातात सातबारा. वर पंखा.

परत आलो तर पुस्तक तयार. वरच्या पानाकडे पाहिलं, ते पाचवं होतं.

"हे काय? पाचवं पान वर कसं?"

"पाचवं कुठं सर? झीरो हाये थे. पंख्यानं पानं उडाले, मंग म्या नंबरवारी लावून देल्ले."

आता याला काय सांगू? अरबीतला पाच हा आपल्या शून्यासारखा गोल काढतात, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. त्यानं पाचाला शून्य समजून सगळ्यांच्या डोक्यावर बसवलं होतं. पंधरा म्हणजे त्याच्या हिशोबानं दहा, म्हणून ते नवव्यानंतर. अडाणी नव्हता, पद्धतशीर होता. तेच वाईट.

आणि तार डावीकडे. अरबी पुस्तकाची पाठ उजवीकडे असते. याची जुनी शिवण उजवीकडे दाढीसारखी लोंबत होती, आणि डावीकडच्या चांगल्या कडेला ओळीनं भोकं.

"अरे, हे उजवीकडून उघडतं!"

"तेच तं सांगतो न सर. कोनं तरी उलटं शिवलं होतं. म्या सरळ करून देल्लं. साठ अन् सरळ कराचे धा."

मी तोंड उघडलं, पण मामा आधी बोलले. "कोन्ती भाषा होय गुरुजी?"

"अरबी."

"आर्वीची?" मामा बाकावरून अर्धे उठले. "आपली धाकटी लेक आर्वीलेच देल्ली न!"

"आर्वी नाही मामा, अरबी. अरबस्तानातली."

"हो हो, तेच. पुलगाववरून जा लागते. पयले लहान गाडी जाये." मग गंभीर होऊन, "पन थ्याले बुक कायले लागते? आपल्यासारखंच बोलते थे लोकं. जरासा हेल वढते, बस. माही इहीन तं बोलता बोलता झोपून जाते."

पोरानं मान न वळवता मध्यस्थी केली. "मामा, थे दुबईची भाषा म्हनून राह्यले."

"दुबईची?" मामांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग आर्वीले कायले चालले?"

याला उत्तर नव्हतं. मामांनी पुस्तक हातात घेतलं, तळव्यावर तोललं, मधलं पान उघडून वास घेतला. "बरं हाये. असे किती घेतले?"

"चार."

"चार कंपन्यायचे?"

"हो."

"एका वावरात चार वाण?" मामांचा आवाज चढला. "मंग बोंड कोन्याचं अन् अळी कोन्याची, हे समजन कसं तुमाले?"

सहा महिने मी पुस्तकं चाळतो आहे, इतका नेमका आक्षेप कुठं वाचला नव्हता. मी गप्प. मामांना जोर आला. "कोरडवाहू हाये का ओलिताची?"

"काय?"

"भाषा."

विचार केला. रोज पाणी दिलं नाही तर वाळते. "ओलिताची."

"मंग सोडून द्या. लाइन राह्यत नाही."

आता मात्र मला काहीतरी वजनदार बोलणं भाग होतं. मी म्हटलं, मामा, इंग्रजीत कापसाला कॉटन म्हणतात न, तो शब्द अरबीतून गेला, क़ुत्न वरून. मामांनी ऐकून घेतलं. मास्तर लोकांचं ते नेहमी पूर्ण ऐकून घेत असावेत.

"त्यायले क्विंटलमागं काय भेटते?"

मला माहीत नव्हतं.

"नाव थ्यायचं, पऱ्हाटी आपली," मामा सातबाऱ्याची घडी घालत म्हणाले, "अन् भाव सांगनार तिसराच." त्यांनी हे विनोदानं म्हटलं नाही. पोरानंही टायपिंग थांबवलं. मग सर्व्हर गेला, मामांना उद्या या म्हणून सांगण्यात आलं, आणि कळलं की ते कालही आले होते, परवाही. तक्रार.

मी सत्तर रुपये काढून दिले. भांडलो नाही. त्या पोराला मनापासून वाटत होतं की त्यानं माझं भलं केलं, आणि अशा माणसाशी भांडायला माझ्याकडे भाषा नाही, अरबीही नाही आणि मराठीही.

घरी आल्यावर भोकं मोजली, पानाला सदतीस. अरबीची अर्धी अक्षरं ठिपक्यांवर जगतात. खाली एक ठिपका तर ब, वर दोन तर त, वर तीन तर थ. त्यात या सदतीस नव्या ठिपक्यांची भर. एका पानावर 'बैत'मधल्या मधल्या अक्षराचे खालचे दोन ठिपके गेले आणि वर एक भोक आलं. बैतचं बिंत झालं. घराची मुलगी झाली. मी हाज़ा बिंतुन असं दोन दिवस पाठ केलं. उर्दू शाळेतल्या सरांनी ऐकलं, डोळे मिटले आणि म्हणाले, मुलीला हाज़ा नाही, हाज़िही म्हणतात.

काल परत गेलो. तार काढून उजवीकडे घालून दे म्हटलं. पोरगा विचारात पडला. "सर, सरळ कराचे धा घेतले होते. उलटं कराचे वीस लागन. हे रोजचं काम नाही."

बाकावर मामा होतेच. मला पाहून खुलले आणि बाकाखालून एक पिशवी ओढली. दोन दिवस ती घेऊन येत होते म्हणे. कुरोड्या, मूगवड्या आणि एका डब्यात तिखट. "लेकीले द्या. बसस्टँडच्या मांगंच घर हाये, कोनालेही इचारा."

मी सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं.

पिशवी आमच्या स्वयंपाकघरात खुंटीला टांगली आहे. बायको विचारते, हे कुणाचं. रविवारी पुलगावहून आर्वीची पहिली बस किती वाजता असते, ते बघतो आहे.