अण्णांची ढोलकी आणि मनिलाचा विमानतळ

सकाळपासून डोकं तापलंय. आमच्या जुन्या ऑर्केस्ट्रावाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. गुड मॉर्निंगची फुलं, कुणाचा वाढदिवस, कुणाची बायपास, असं रोजचं चालू असतं. आज त्यावर एक रील आलं. १९६६ साली फिलिपिन्समधल्या मनिलाच्या विमानतळावर बीटल्सना, म्हणजे इंग्लंडच्या त्या चौघांच्या बँडला, कशी धक्काबुक्की झाली, त्याचं. त्याखाली आपल्यातल्याच एकाने लिहिलं, "बरं झालं. माज उतरवला."

त्यावर अंगठे पडले. अकरा. मी मोजले.

बाहेरच्या कुणी लिहिलं असतं तर मी वाचून सोडून दिलं असतं. पण ते अकरा जण आणि हा बारावा, सगळे स्टेजवर आयुष्य काढलेले लोक आहेत. कुणी गायक, कुणी निवेदक, कुणी कॉन्गो वाजवणारा. यात्रेच्या स्टेजवर पहाटे तीन वाजता "वन्स मोअर" घेणारे आणि नंतर बिदागीसाठी कमिटीच्या दारात ताटकळणारे. त्यांना माज दिसला? कुणाचा?

ग्रुपवर वाद घालायचा नाही असं बायकोला कबूल केलंय, म्हणून इथं लिहितोय. लांबेल. ज्याला वाचायचं त्याने वाचा.

आधी झालं काय ते नीट सांगतो, कारण रीलमध्ये अर्धंच होतं.

बीटल्स जूनच्या अखेरीला जर्मनीत वाजवून जपानला निघाले. वाटेत वादळामुळे विमान अलास्कात उतरवावं लागलं. टोकियोत बुडोकानला त्यांचे तीन दिवसांत पाच कार्यक्रम होते. ती जागा मार्शल आर्टची, तिथं रॉक बँड कसा काय वाजतो म्हणून काही कट्टर मंडळी चिडलेली, धमक्या आलेल्या. त्यामुळे हॉटेलातून बाहेर पडायची मुभा नाही. चौघं खोलीत एका मोठ्या कागदाच्या चार कोपऱ्यांना बसले आणि एकच चित्र रंगवत राहिले. ते चित्र अजून आहे. दौरा दौरा म्हणतात तो हा. लोकांना वाटतं देश बघायला मिळतो. मीही आठ वर्षांत अर्धा महाराष्ट्र फिरलो, पण पाहिलं काय ते विचारा. शाळेच्या खोल्या, टेम्पोची ताडपत्री आणि स्टेजच्या मागची अर्धी भिंत.

तिथून ३ जुलैला मनिला. विमानातून उतरल्या उतरल्या लष्कराच्या माणसांनी त्यांना वेगळं काढलं आणि बंदरातल्या एका बोटीवर नेऊन ठेवलं. रात्री उशिरा कधीतरी हॉटेलवर आणलं. दुसऱ्या दिवशी ४ जुलैला रिझाल मेमोरियल स्टेडियमवर दोन कार्यक्रम, एक दुपारी, एक रात्री. दोन्ही मिळून ८० हजारांच्या आसपास माणसं. हा आकडा लक्षात ठेवा. ती माणसं तिकीट काढून आली होती आणि त्यांच्यासाठी ते वाजणार होते.

आणि त्याच सकाळी ११ वाजता राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी इमेल्डा मार्कोस यांनी मालाकान्यांग राजवाड्यावर मेजवानी ठेवलेली. सरदार-दरकदारांची मुलं नटूनथटून बसलेली. दारावर माणसं आली, चला म्हणाली. मॅनेजर ब्रायन एपस्टाइनने सांगितलं, पोरं झोपलीत, उठवणार नाही. त्या चौघांना या आमंत्रणाचा पत्ताही नव्हता, असं ते पुढे कायम सांगत आले.

बस, एवढाच गुन्हा. झोपले होते.

आता एपस्टाइनने असं का केलं तेही ऐका. दोन वर्षांपूर्वी वॉशिंग्टनला ब्रिटिश वकिलातीत असंच आग्रहाने नेलं होतं. बड्या बड्या लोकांच्या त्या गर्दीत कुणीतरी कात्री काढून त्यांच्या ड्रमरचे, रिंगोचे केस कापले. आठवण म्हणून! तेव्हापासून त्यांनी ठरवलं होतं की सरकारी मेजवान्यांना जायचं नाही. याला तुम्ही माज म्हणता?

आता माझं सांगतो. ग्रुपमधल्या निम्म्यांना हे माहीत आहे, तरी सांगतो.

१९९४ चा उन्हाळा. एका तालुक्याच्या गावी यात्रेची सुपारी होती, १२ हजारांची, त्यातले चार विसार म्हणून आलेले. आदल्या रात्री दुसरीकडे कार्यक्रम करून पहाटे पाचला पोचलो. शाळेच्या खोलीत बाकं जोडून सगळे आडवे झाले. गाणाऱ्या ताईंना ताप होता. दहाच्या सुमारास दारात जीप येऊन उभी. "साहेबांनी वाड्यावर बोलावलंय. वहिनीसाहेबांच्या पाहुण्या आल्यात, दोन-चार गाणी म्हणा, लगेच सोडतो."

अण्णा आमचे ढोलकीवाले. तेव्हा साठीला आलेले. ऑर्केस्ट्रा मालकाचा, पण आमच्यासाठी अण्णा म्हणतील तसं. मी म्हटलं, अण्णा, नको जायला. सुपारी संध्याकाळची आहे. अण्णा उठले, तोंडावर पाणी मारलं, ढोलकी खांद्याला लावली. म्हणाले, "गावात आलोय, त्यांच्या शब्दाबाहेर कसं जायचं?"

गेलो. अंगणात सतरंजी टाकलेली. सावली नाही. बसलो.

मी हे बत्तीस वर्षं विसरलेलो नाही. आम्ही अडीच तास त्या अंगणात बसलो. आतून हसण्याचा आवाज येत होता, टीव्ही चालू होता. ऊन चढत गेलं तसं अण्णांनी डोक्याचा टॉवेल काढला आणि ढोलकीवर पांघरला. उन्हाने शाई तडकते म्हणून. स्वतः उघड्या डोक्याने बसले. टॉवेल सरकला की परत नीट करायचे, लहान पोराच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तसं. साडेबाराला आतून एक पोरगा आला आणि म्हणाला, "आता राहू दे. पाहुण्या जेवायला बसल्या."

तर आम्ही गेलो होतो. नम्रपणे गेलो होतो. काय मिळालं?

ते नाही गेले, त्यांना काय मिळालं ते आता ऐका. टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या आणि रडवेली मुलं दिवसभर दाखवली गेली. पेपरात बाईंचा अपमान झाल्याच्या बातम्या. एपस्टाइनने टीव्हीवर येऊन दिलगिरी व्यक्त केली, तर नेमकी तेव्हाच खरखर सुरू झाली आणि कुणाला काही ऐकू गेलं नाही. हॉटेलात खायला नीट मिळेना. ५ जुलैला विमानतळावर पोचले तर बंदोबस्त काढून घेतलेला आणि सरकते जिने बंद. मुद्दाम बंद. सगळं सामान, ॲम्प्लिफायर, पेट्या, हातांनी वर चढवायच्या. वर माणसं तयार उभी, ढकलायला, बुक्के मारायला. रिंगोला पाडलं. एपस्टाइनला मारलं. ड्रायव्हर आल्फ बिकनेलच्या बरगड्यांना दुखापत झाली. बाजूला काही नन उभ्या होत्या, तर पोरं त्यांच्या आडोशाला जाऊन उभी राहिली.

आणि मॅल इव्हान्स. याच्याबद्दल रीलमध्ये एक अक्षर नाही. हा त्यांचं सामान वाहणारा माणूस. धिप्पाड, चष्मा लावणारा, आधी टेलिफोन खात्यात नोकरीला होता. सगळे कसेबसे विमानात बसल्यावर त्याला आणि प्रसिद्धीचं बघणाऱ्या टोनी बॅरोला नाव घेऊन खाली उतरायला सांगितलं. कागदपत्रांत काहीतरी खोट काढलेली. उतरताना मॅल म्हणाला, बायकोला सांगा, माझं तिच्यावर प्रेम आहे. त्याला वाटलं, आपण आता परत जात नाही. एपस्टाइनकडून कराचे म्हणून पैसे वसूल झाले, तेव्हा कुठे विमान सुटलं.

मी ऑर्केस्ट्रात पहिली दोन वर्षं पेट्याच उचलल्या. कीबोर्ड नंतर हातात आला. त्यामुळे मला गिटारवाल्यांच्या आधी हा मॅल दिसतो. याने कुणाचा काय अपमान केला होता? याला कुणी मेजवानीला बोलावलं होतं का?

बरं, दुसरी बाजू. आमंत्रणाची बातमी तिथल्या पेपरात आधी आली होती आणि एपस्टाइनच्या माणसांनी ती वेळेवर निस्तरायला हवी होती, हे मान्य. त्या मुलांचाही काही दोष नव्हता, ती बिचारी सकाळपासून नवे कपडे घालून बसली होती. मान्य. पण मुलांना बसवलं कुणी? उत्तर यायच्या आधी खुर्च्या मांडल्या कुणी?

आणि फिलिपिनो माणूस वाईट, असं तर मुळीच म्हणायचं नाही. ८० हजार लोक जीव टाकून ऐकायला आले होते. राग त्यांचा नव्हता, तो वरून सोडलेला होता. जिने लोकांनी बंद केले नाहीत. राष्ट्राध्यक्ष मार्कोस डिसेंबर १९६५ ला गादीवर आले होते, म्हणजे जेमतेम सहा महिने झालेले. १९७२ ला लष्करी कायदा लावला, १९८६ ला लोकांनी हाकलल्यावर हवाईला पळाले. त्यांचा मुलगा २०२२ पासून राष्ट्राध्यक्ष आहे. ज्याला बोलावल्यावर कुणी आलं नाही तर सोसत नाही, तो सहा महिन्यांतच ओळखू आला असता, जर कुणी त्या जिन्यांकडे नीट पाहिलं असतं.

चहा घेऊन आलो. जरा शांत झालोय.

एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. मनिलाहून ते विमान दिल्लीला आलं. मार खाऊन, घाबरून ती पोरं आपल्याकडे उतरली. वाटलं होतं इथं कुणी ओळखणार नाही, तर विमानतळावर इथंही गर्दी. चौघांतल्या गिटारवाल्या जॉर्ज हॅरिसनने दिल्लीत रिखी राम यांच्या दुकानातून सतार घेतली. आणि सप्टेंबरात तोच जॉर्ज मुंबईला आला. कुणी जीप पाठवली नव्हती. स्वतः आला, ताजमध्ये खोट्या नावाने उतरला, रविशंकरांकडे शिकायला. जमिनीवर मांडी घालून बसायची सवय नाही, पाय दुखायचे, म्हणून योगासनं शिकवायला माणूस ठेवला होता. त्याआधीची एक आठवण तो स्वतः सांगायचा. फोन वाजला म्हणून उठताना त्याने सतार ओलांडली, तर रविशंकरांनी त्याच्या पायावर चापट मारली. वाद्याचा मान ठेव म्हणून. त्याने ती चापट जन्मभर कौतुकाने सांगितली.

जगातला सगळ्यात मोठा बँड, त्यातला हा माणूस. राजवाड्यावर गेला नाही आणि इथं चापट खाऊन शिकला. १९६८ च्या जानेवारीत पुन्हा मुंबईला आला, फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केलं. याच्यात माज कुठे आहे, मला कुणीतरी दाखवा.

हे लिहिताना मला अण्णांचा तो टॉवेलच दिसतोय. अण्णांनी रविशंकर कधी ऐकले असतील का, माहीत नाही. पण वाद्याचा मान दोघांचा एकच.

त्या संध्याकाळी कार्यक्रम झाला. अण्णांनी असा वाजवला की गाव उभं राहिलं. लावणीला दोनदा वन्स मोअर. आणि रात्री हिशेबाला बसलो तर राहिलेल्या आठ हजारांतले दोन हातावर ठेवले. का? "सकाळी वाड्यावर तुमच्या लोकांनी तोंडं वाकडी केली होती." म्हणजे जाऊनही अपमान आमच्याच नावावर. मालक एक शब्द बोलला नाही. मीही नाही. त्याची लाज आजपर्यंत वाटते.

म्हणून म्हणतो, गेलं काय आणि न गेलं काय, ज्याला आपण मालकीचे वाटतो तो हिशेब तसाच करतो. फरक इतकाच की ते बीटल्स होते, त्यांना थांबणं परवडलं. २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर अर्धा तास वाजवलं आणि दौरे कायमचे बंद केले. एकट्या मनिलामुळे नाही, हे खरं. अमेरिकेतही त्या उन्हाळ्यात त्यांच्या तबकड्या जाळल्या गेल्या, आणि किंकाळ्यांत स्वतःचं वाजवलेलं त्यांना ऐकू येत नव्हतं. पण माणूस दाराबाहेर जायचं का बंद करतो, ते जिने चढताना ज्याने पाठीत बुक्के खाल्ले त्यालाच विचारावं.

अण्णांना थांबणं परवडलं नाही. ते पुढे अकरा वर्षं वाजवत होते. साहेब बोलावतील तिथं जात होते.

आता ज्याने "माज उतरवला" लिहिलं त्याला. नाव घेत नाही, तू वाचशील हे मला माहीत आहे. रागाने सुरुवात केली होती, आता राग राहिला नाही. अरे, तू होतास की तिथं. त्याच सतरंजीवर, माझ्या डाव्या हाताला, कॉन्गो मांडीत धरून. बाराच्या सुमारास अण्णांना घेरी आल्यासारखं झालं, तर आतल्या कुणाला न विचारता तू उठलास, गोठ्याजवळच्या हौदातून बादली भरून आणलीस, आणि स्वतःचा शर्ट भिजवून त्यांच्या डोक्यावर ठेवलास. रखवालदार ओरडला तरी ठेवलास.