मराठीची सेवा झाली, आता माझं बिल द्या

मराठीत काम नाही, असं मला कृपा करून कुणी सांगू नका. काम ढिगाने आहे. तुमच्या फोनमधलं पैसे पाठवायचं अ‍ॅप मराठीत दिसतं. विम्याचं माहितीपत्रक, मिक्सरच्या खोक्यातली पुस्तिका, बियाणं कंपनीचं पत्रक, नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाने सही करायचं संमतिपत्र, ऑनलाइन धड्यांची सबटायटल्स, सगळं मराठीत येतंय. हे आभाळातून पडत नाही. कुणीतरी रात्री एक वाजता डोळे चोळत एकेक वाक्य बसवतं. मी त्यांच्यातली एक. सोलापुरात घरी बसून इंग्रजीचं मराठी करते आणि त्यावर घर चालवते. माझा अर्ध्याहून जास्त वेळ मात्र काम करण्यात जातच नाही, काम मिळवण्यात जातो. त्या वेळेचे मला कुणी पैसे देत नाही. वर त्यासाठी माझ्याच खिशातून पैसे जातात. याचा मला संताप येतो आणि आज तो मी गिळणार नाही.

आधी फ्रीलान्स कामं मिळवून देणाऱ्या साइट्सचं बोलू, कारण प्रत्येक जण पहिला सल्ला तोच देतो. "अगं, ऑनलाइन इतकी कामं असतात, तिथे प्रोफाइल टाक ना!" टाकलंय. अपवर्कवर अर्ज करायला 'कनेक्ट' नावाची टोकनं विकत घ्यावी लागतात. एका कनेक्टला 15 सेंट आणि एका अर्जाला असे दहा-बारा कनेक्ट सहज जातात, म्हणजे काम मिळण्याआधीच शंभर-दीडशे रुपये गेले. अर्ज यादीत वर दिसावा असं वाटत असेल तर त्याचे वेगळे कनेक्ट, आणि तिथेही बोली. म्हणजे माझ्यासारख्याच गरजू माणसाशी पैशांची चढाओढ करायची, कशासाठी, तर समोरच्याने माझं नाव वाचावं म्हणून. फायवर या दुसऱ्या साइटवर काम झाल्यावर 20 टक्के कापतात. 5 डॉलरचं काम केलं की हातात 4 येतात, त्यातून डॉलरचे रुपये होताना आणखी थोडे जातात. आणि कामं कसली? "500 पानांची कादंबरी मराठीत हवी, बजेट 50 डॉलर." अशा जाहिरातीखाली '50 हून अधिक अर्ज' असं लिहिलेलं दिसतं तेव्हा पोटात ढवळून निघतं. 500 पानं म्हणजे सव्वा ते दीड लाख शब्द. रोज प्रामाणिकपणे दोन-अडीच हजार शब्द होतात, त्याच्यापुढे गेलं की दर्जा घसरतो, हे या धंद्यातला कुणीही सांगेल. म्हणजे दोन महिन्यांहून जास्त काम आणि मोबदला साडेचार हजार रुपयांच्या आसपास. रोजगार हमीवर यापेक्षा कितीतरी जास्त मिळतात!

नवीन माणसाची तर शुद्ध कोंडी. रिव्ह्यू नाहीत म्हणून काम नाही, काम नाही म्हणून रिव्ह्यू नाहीत. मग कुणीतरी पाच पैसे शब्दाने काम उचलतं, निदान तारे तरी मिळतील म्हणून. मी त्या पोरांना दोष देत नाही. पण एकदा तो पाच पैशांचा आकडा तिथे दिसला की पुढचा प्रत्येक ग्राहक तोच आकडा माझ्या तोंडावर फेकतो.

आता भाषांतराची कामं देणाऱ्या देशी एजन्सी. इथे साखळी असते. परदेशी कंपनी मोठ्या बहुराष्ट्रीय एजन्सीला काम देते, ती दिल्ली-नोएडा किंवा बंगळूरच्या एजन्सीला, ती पुण्यातल्या छोट्या एजन्सीला, आणि तिथून ते आमच्यापर्यंत येतं. प्रत्येक पायरीवर कुणीतरी आपला वाटा काढून घेतो. वरच्या पायरीला शब्दामागे किती मिळाले हे खालच्याला कधीच कळू देत नाहीत. आमच्यापर्यंत शब्दाला येतात 40 पैसे. दिवसाला 2000 शब्दांचे 800 रुपये, तेही रोज काम असेल तर, आणि ते रोज कधीच नसतं. आठवडाभर शांतता असते आणि मग शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला मेल येतो: 'अर्जंट, सोमवारी सकाळी 9 वाजता हवं.' तुमचा शनिवार-रविवार शाबूत आणि माझा घरगडी आहे का?

त्यातही भाषांतराचं सॉफ्टवेअर मोजून दाखवतं की एवढी वाक्यं आधीच्या फाइलसारखी आहेत, एवढी पुन्हा आलीत, त्यांचे पैसे शून्य किंवा पाव. पण तीच वाक्यं नव्या संदर्भात बसतात का, हे मला वाचून तपासावंच लागतं, कारण चूक निघाली की जबाबदारी माझी. वाचायचं मी, उत्तर द्यायचं मी आणि पैसे मात्र नाहीत. ते सॉफ्टवेअरही मीच माझ्या पैशाने घ्यायचं, हजारो रुपये भरून.

आणि हे सगळं काम मिळालं तर. मिळण्याआधी असतं सॅम्पल. माझ्या डोक्यात सगळ्यात जास्त तिडीक जाते ती इथे. दोनशे-तीनशे शब्दांचा नमुना मागणं मला मान्य आहे. शिंपीसुद्धा आधीचं काम दाखवतोच. पण गेल्या महिन्यात एका एजन्सीने 'सॅम्पल' म्हणून मला एका विमा पॉलिसीच्या माहितीपत्रकाची पूर्ण दोन पानं पाठवली. पहिलं पान वाक्याच्या मध्येच सुरू होत होतं. मला तेव्हाच खटकलं. भाषांतर करणाऱ्यांच्या आमच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं तर नांदेडच्या एका दादांकडे त्याच एजन्सीचं सॅम्पल आलेलं. त्यांचं शेवटचं वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच माझं सुरू होत होतं. मग आणखी दोघांनी आपापली पानं सांगितली. सगळी सलग! म्हणजे एक अख्खं माहितीपत्रक तुकडे करून उमेदवारांत वाटलं, फुकट मराठीत करून घेतलं, आणि आठवड्याने आम्हा सगळ्यांना एकच मेल: 'या वेळी तुमची निवड होऊ शकली नाही.' ही चोरी आहे. याला दुसरा शब्द मी वापरणार नाही. किराणा दुकानातून कुणी पाच किलो साखर 'चव बघायला' म्हणून उचलून नेली असती तर गल्लीने त्याला धरला असता.

दुसरा प्रकार कमी लोकांना माहीत असतो. एजन्सीला टेंडर भरायचं असतं, त्यात पात्र भाषांतरकारांची यादी जोडावी लागते. मग आम्हाला प्रेमाने फोन येतात, सीव्ही मागतात, पदवीचं प्रमाणपत्र, अनुभवाची पत्रं मागतात. टेंडर मिळतं माझ्या एमएच्या गुणपत्रिकेवर आणि काम जातं 15 पैशांत करणाऱ्याकडे. मला पुन्हा फोन येत नाही. मी केला तर कुणी उचलत नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत आणखी एक भर पडली आहे. "मशीनने केलंय मॅडम, तुम्ही फक्त नजर टाका." या नजर टाकण्याला 12 ते 15 पैसे. मशीनचा मला राग नाही, मीही वापरते. पण पूर्वी मशीनचं मराठी बघताक्षणी ओळखू यायचं, आता ते छान गुळगुळीत वाचलं जातं आणि मध्येच एखादं 'नाही' गाळलेलं असतं. कर्जाच्या अटीत किंवा रुग्णाच्या संमतिपत्रात ते 'नाही' गळलं तर कुणाचं तरी घर जाईल, कुणाचा तरी जीव जाईल. म्हणून मूळ इंग्रजी समोर ठेवून प्रत्येक ओळ वाचावी लागते. त्याला भाषांतराइतकाच वेळ लागतो, कधीकधी जास्तच. आणि दर तिसरा हिस्सा! वाचणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा विचार या साखळीत कुणीच करत नाही. मी करते म्हणून मी महाग.

काम झालं, पाठवलं, 'थँक्स, गुड जॉब' आलं. आता पैसे. बिल दिल्यापासून 60 दिवस, तेही महिनाअखेर धरून, म्हणजे प्रत्यक्षात नव्वदच्या घरात. कायदा काय म्हणतो? 2006 च्या एमएसएमई, म्हणजे छोट्या उद्योगांच्या, कायद्यानुसार उद्यम ही सरकारी नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योजकाचे पैसे करार असला तरी 45 दिवसांत द्यावेच लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. उद्यम नोंदणी फुकट आहे, माझी आहे. हे कलम मी एका एजन्सीला नम्रपणे लिहून पाठवलं. पैसे आले, पण त्यानंतर आजतागायत त्यांच्याकडून एकही फाइल आलेली नाही. आता सांगा, कायदा माझ्या काय कामाचा? हक्काचे आठ हजार मागायचे की पुढचं काम टिकवायचं, यातून एकच निवडायला लावणारे लोक आहेत हे. शिवाय 10 टक्के टीडीएस कापून घेतात. काही जण तो सरकारकडे भरतही नाहीत. प्राप्तिकर पोर्टलवर कापलेल्या कराची नोंद उघडून बघितली की तिथे रकाना कोरा, आणि मग हिशेबनीस साहेबांना फोन करत बसा.

घरच्यांचं आणि ओळखीच्यांचं वेगळंच. "तू घरीच असतेस ना, जरा एवढं बघून दे." जाऊबाईंच्या भावाच्या कंपनीचं ब्रोशर, मंडळाची स्मरणिका, कुणाच्या तरी व्हिसासाठी जन्मदाखला. नळ दुरुस्त करणाऱ्याला कुणी 'जरा बघून दे' म्हणून फुकट बोलवत नाही. मी नाही म्हटलं की पैशाला हपापलेली ठरते.

पण सगळ्यात जिव्हारी लागतं ते आपल्याच मराठीवाल्यांचं. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मलाही आनंद झाला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यानंतर किती संस्थांनी कार्यक्रम केले, फलक लावले, शाली दिल्या. त्यातल्याच एका संस्थेने माझ्याकडे चाळीस पानी लेखसंग्रह भाषांतराला दिला. मानधनाचं विचारल्यावर उत्तर आलं, "ताई, ही तर मराठीची सेवा आहे, तुमचं नाव छापू ना." छापखान्याने सेवा केली का? कागदवाल्याने केली? मांडववाल्याने, भोजनाच्या कंत्राटदाराने, साउंड सिस्टिमवाल्याने? त्यांची बिलं त्याच आठवड्यात चुकती झाली. फक्त जिने प्रत्यक्ष मराठी लिहिलं तिने फुकट लिहायचं. भाषेवर इतकं प्रेम आहे तर ती लिहिणाऱ्याचं वीजबिल कसं भरलं जातं ते विचारा ना एकदा. माझी मुलगी सातवीत आहे, तिला मराठीची गोडी आहे, सुंदर लिहिते. तिने "मी पण तुझंच काम करणार" म्हटलं तेव्हा मी तिला हो म्हणू शकले नाही. हा राग मी कुणावर काढू?

वरून ते कोर्सवाले. 'घरबसल्या फ्रीलान्सिंग करा, महिन्याला लाख कमवा, फी फक्त 4,999.' ज्यांची सगळी कमाई कोर्स विकण्यावर चालते ते आम्हाला ग्राहक कसे शोधायचे शिकवणार. आणि त्यांच्याही खालचे लोक म्हणजे टायपिंग आणि पीडीएफचं काम देतो सांगून आधी डिपॉझिट घेणारे. आमच्या शेजारच्या मुलीला असंच डेटा एंट्रीचं काम दिलं, ऑनलाइन करारावर सही घेतली, मग 'चुका जास्त निघाल्या' म्हणून वकिलाच्या नावाने नोटीस पाठवली, पैसे भरा नाहीतर कोर्टात खेचू. पोरगी चार दिवस जेवली नाही. ती नोटीस खोटी होती. असल्या नोटिशीला कुणीही एक पैसा भरू नका, सरळ 1930 वर सायबर हेल्पलाइनला फोन करा.

मी आता एवढं ठरवलंय. सॅम्पल दोनशे शब्दांच्या वर देणार नाही, आणि तेही मी निवडलेल्या मजकुराचं. नव्या ग्राहकाकडून निम्मे पैसे आधी. पीओ, म्हणजे लेखी ऑर्डर, आल्याशिवाय फाइल उघडणार नाही. रुपयाच्या खाली शब्द लिहिणार नाही, मग काम गेलं तरी चालेल. गेलंच आहे, दोन ठिकाणचं.

आणि गेल्या महिन्यात विमा पॉलिसीच्या माहितीपत्रकाची पानं ज्यांच्याकडे 'सॅम्पल' म्हणून आली होती त्यांनी ती जपून ठेवा. मेल, तारखा, फाइलची नावं, काहीही पुसू नका. आमच्याकडे सलग आठ पानं जमली आहेत. शेवटच्या अटींचं आणि दाव्याच्या अर्जाचं पान अजून सापडायचं आहे. ते तुमच्याकडे असेल तर मला कळवा. सगळ्यांचं मिळून एकच बिल पाठवायचं आहे, पूर्ण दराने, आणि त्याची एक प्रत थेट त्या विमा कंपनीला.