वरातीमागून उलटतपासणी

मला भांडता येत नाही. म्हणजे भांडण होतं, मी त्यात हजरही असतो, पण माझा मुद्दा येतो तो समोरचा माणूस जिंकून, जेवून, झोपी गेल्यावर. आंघोळ करताना मी असे बिनतोड युक्तिवाद केले आहेत की साबणाने हात टेकले असते. अशा माणसाच्या हातात कुणी 'फिनिक्स राइट: एस अ‍ॅटर्नी' हा वकिलीचा व्हिडिओ गेम द्यावा, हे आमच्या घराचं दुर्दैव.

खेळ तसा जुना. कॅपकॉम या कंपनीने तो २००१ साली जपानमध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आणला, लेखन-दिग्दर्शन शू ताकुमी यांचं. इंग्रजीत तो २००५ साली निन्टेन्डो डीएस या तशाच यंत्रावर आला. नायक फिनिक्स राइटचं जपानी खेळातलं आडनाव नारुहोदो, म्हणजे साधारण आपलं 'अस्सं होय!'. वकिलाचं आडनावच 'अस्सं होय' असेल, तर अशिलाने काय समजायचं?

यात पळापळ नाही, गोळीबार नाही. आपण नवखे बचाव वकील. अशील आत, सगळ्यांची खात्री की खून त्यानेच केला. साक्षीदार पिंजऱ्यात येऊन चार-सहा वाक्यांत जबानी देतो. एकेक वाक्य थांबवून त्याला खोदून विचारायचं, नाहीतर वाक्य खोटं वाटलं की पुरावा तोंडावर मारायचा. बाकी निव्वळ वाचन. पुस्तक वाचतोय म्हटलं तर बायको आदराने बघेल, हे वाचतोय म्हटलं तर नाही, एवढाच फरक.

पहिलाच खटला घ्या. खुनी कोण ते सुरुवातीलाच दाखवून टाकतात, त्यामुळे रहस्य फोडल्याचं पाप मला लागणार नाही. पेपर विकत घ्या म्हणून दारोदार फिरणारा हा इसम सांगतो, दुपारी एक वाजता प्रेत पाहिलं. शवविच्छेदन म्हणतं, मृत्यू चारनंतर. मग म्हणतो, वेळ टीव्हीवर ऐकली. त्या वेळी इमारतीची वीज गेलेली! मग म्हणतो, छे छे, ऐकली नाही, घड्याळात पाहिली. आणि इथे तो मेला. कारण ते घड्याळ म्हणजेच खुनाचं हत्यार, दिसायला नुसता पुतळा. ते वेळ बोलून दाखवणारं घड्याळ आहे, हे लांबून पाहणाऱ्याला कळेल कसं? थापाड्यांचं हेच असतं. पहिली थाप पचत असते, पण तिला टेकू द्यायला ते न विचारलेलं सांगायला जातात. शेवटी या गृहस्थाने डोक्यावरचा टोप काढून मला फेकून मारला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्याने कुणाच्या डोक्यावरून काही उडालं होतं.

पण मी कायमचा गारद झालो तो वेगळ्याच गोष्टीने. साक्षीदाराचं शेवटचं वाक्य संपलं की तो निमूट पहिल्या वाक्यावर येतो. पुन्हा तेच, त्याच शब्दांत. 'मी असं म्हणालोच नव्हतो' नाही, 'तू विषय बदलू नकोस' नाही. मी दोन तास विचार केला तरी तो तिथेच उभा. माझ्यासारख्या उशिरा सुचणाऱ्या माणसासाठी जगात एवढी सोय कुणी केली नव्हती.

आता छळाचं सांगतो. खुनी कळलेला असतो, कसा केला तेही कळलेलं असतं, पण खेळाला ते ठरावीक वाक्याला, ठरावीक पुराव्यानेच ऐकायचं असतं. एकदा मी बरोबर फोटो तिसऱ्या वाक्याला दाखवला, हवा होता चौथ्याला. या पहिल्या खेळात आपल्याला पाच उद्गारचिन्हं मिळतात; चुकीचा पुरावा दाखवला की एक जातं, पाचही गेली की अशील दोषी. माझं एक गेलं. गळ्याशी झालरी लावलेला सरकारी वकील, माइल्स एजवर्थ, खांदे उडवून माझी कीव करू लागला. दाढीवाले न्यायाधीश तर शेवटी जो बोलला त्याचे. मग मी चिडून शवविच्छेदनाचा अहवाल दाखवला, चावी दाखवली, शेवटी माझा वकिलीचा बिल्ला दाखवला. बिल्ला दाखवून या खेळात कुणावर छाप पडल्याचं मी पाहिलेलं नाही, तरी मी तो भेटेल त्याला दाखवतो. एकच चिन्ह उरलं तेव्हा खेळ जिथे होता तिथे सेव्ह करायचा आणि चुकलं की बंद करून पुन्हा लावायचा, हा मार्ग सापडला. वकिली नीतिमत्तेबद्दल इथे मी जास्त बोलणार नाही.

त्यातून डीएसला माइक. वाय बटण दाबून धरलं की स्वतःच्या तोंडाने 'ऑब्जेक्शन!' ओरडता येतं. नुसतं बटण दाबूनही काम भागतं, पण तो म्हणजे भांडणात चिठ्ठी सरकवण्याचा प्रकार. मूळ जपानी खेळात नायकाची आरोळी खुद्द ताकुमींच्या आवाजात आहे. लेखक ओरडतो, तर मी कोण गप्प बसणारा? फक्त रात्रीचा दीड वाजला होता. आधी कुजबुजलो. माइकला ऐकू गेलं नाही. जरा मोठ्याने म्हटलं. नाही. मग जे म्हटलं ते माइकसकट सगळ्यांनी ऐकलं.

"काय झालं?" बायको उठून बसली.

"साक्षीदार खोटं बोलतोय."

"तू वीजबिल भरलंस का?"

"तू मला सांगितलंच नव्हतंस," मी म्हणालो. अंगात वकील होता. "सांगितलं असलंस तर कधी, कुठे, आणि तेव्हा मी कोणत्या खोलीत होतो?"

तिने उशाचा फोन उचलला, दोनदा बोट फिरवलं आणि पडदा माझ्यासमोर धरला. मंगळवार, सकाळी नऊ वाजून बारा मिनिटं. 'आज बिल भर.' खाली माझा अंगठा. बरोबर वाक्याला, बरोबर पुरावा, तोही पहिल्या फटक्यात. फोन उशाखाली गेला, दिवा गेला, ती पाच मिनिटांत झोपली.

अडीच वाजता मला सुचलं. अंगठा म्हणजे 'वाचलं', 'भरतो' नव्हे! उठवून तिला आधीचं वाक्य पुन्हा म्हणायला लावावं असं क्षणभर वाटलं. पण तेवढी उद्गारचिन्हं माझ्याकडे शिल्लक नव्हती.