नव्या गुलाबाला ताजं शेण आणि युरिया घालू नका

‘नवा गुलाब लावताय? हे 5 उपाय करा, 15 दिवसांत झाड कळ्यांनी लगडेल!’ हा मेसेज तुमच्याकडेही येऊन गेला असेल. माझ्या थोरल्या वहिनींनी तो विश्वासाने तंतोतंत पाळला. आता त्यांच्या गुलाबाच्या पानांच्या कडा तपकिरी पडून आत वळल्यात. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

सगळ्यात घातक आहे उपाय क्रमांक 2 : मुळांलगत ताजं शेण आणि वर चमचाभर युरिया. हे लिहिणाऱ्याने नुकत्याच लावलेल्या रोपाची मुळं कधी बघितली तरी आहेत का? पाणी शोषून घेतात ती पांढऱ्या कोवळ्या टोकांजवळची केसांसारखी मूलरोमं. रोप काढताना, माती झटकताना त्यातली बरीचशी तुटतात. म्हणजे झाड आधीच तहानलेलं. युरियात 46 टक्के नायट्रोजन असतं. मातीत त्यापासून अमोनिया तयार होतो आणि तो कोवळी मुळं जाळतो. भोवती क्षार वाढले की ओल्या मातीतूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. ताजं शेण तर कुजताना तापतं आणि अमोनियाही सोडतं. शेणखत जरूर घाला, पण पुरतं कुजलेलं, काळसर, भुसभुशीत, मातीत नीट मिसळून. हातात घेतल्यावर शेणाचा वास आला तर ते अजून तयार नाही. युरियाचं नाव पहिला बहर येऊन जाईपर्यंत काढू नका. कुंडीत घातलाच असेल तर खालून पाणी निथळेल असं भरपूर पाणी दोन-तीनदा सोडा.

उपाय 1, खड्ड्यात मूठभर एप्सम सॉल्ट. हे मॅग्नेशियम सल्फेट. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या उद्यानतज्ज्ञ लिंडा चॉकर-स्कॉट यांनी यावरचं संशोधन तपासून स्वच्छ लिहिलंय, की गुलाबाला याने बहर येतो या समजुतीला शास्त्रीय आधार नाही. जमिनीत मॅग्नेशियम खरंच कमी असेल तरच त्याचा उपयोग. एरवी जास्तीचं मॅग्नेशियम कॅल्शियम आणि पोटॅशच्या आड येतं. मूठभर म्हणे!

उपाय 3, रोज दोन वेळा पाणी. मुळांना हवाही लागते हो! लावल्यावर एकदा खोलवर मुरेल असं पाणी द्या. नंतर बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच द्या. पाणी कमी पडलं तरी पानं माना टाकतात आणि मुळं कुजली तरीही, त्यामुळे नुसत्या पानांवर विसंबू नका.

उपाय 4, केळीची साल पुरणे. ती कुजल्याशिवाय फारसं काही देत नाही, कंपोस्टमध्ये टाका.

उपाय 5, पहिल्या कळ्या खुडा. हे मात्र अगदीच चूक नाही, मान्य करावं लागेल. अशक्त रोपाची ताकद त्यामुळे मुळांकडे आणि पानांकडे वळते. पण कळीच खुडा. मेसेजमध्ये सांगितलंय तशी अर्धी फांदी छाटू नका. अन्न पानंच तयार करतात.

आणि जे सांगायलाच हवं होतं ते त्या मेसेजमध्ये नाहीच. बाजारातले बरेच गुलाब डोळा भरलेले असतात, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या मुळासकट बुंध्यावर (खुंटावर) हव्या त्या गुलाबाचा डोळा जोडलेला असतो. त्या जोडाच्या खालून जोमदार फूट आली तर ती नव्या गुलाबाची नाही, खुंटाची आहे. राहू दिली तर वरचं कलम मागे पडतं. माती बाजूला करून ती जिथून निघाली तिथूनच ओढून काढा. वरवर कापली तर पुन्हा फुटते.