स्कॉटलंडच्या जंगलात सायकल: ‘कुठेही चालवा’ हे अर्धसत्य

‘स्कॉटलंडमध्ये कायद्यानेच कुठल्याही जंगलात सायकल घालता येते, कोणी अडवू शकत नाही,’ असा मेसेज सध्या फिरतोय. पहिला भाग बराचसा खरा आहे. 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने खासगी जमिनीवरूनही पायी किंवा सायकलने जायचा हक्क दिला आहे. इंग्लंडमध्ये एवढी मोकळीक नाही, त्यामुळे तिथल्या सायकलस्वारांना हेवा वाटला तर नवल नाही.

पण हा हक्क जबाबदारीने वागण्याच्या अटीवर आहे. घराभोवतीची बाग आणि उभं पीक त्यातून वगळलंय. मोटरसायकललाही तो लागू नाही. झाडतोडीसाठी वाट बंद केल्याची पाटी दिसली, तर मागे फिरायचं. ओंडके घसरत असताना हक्काची भाषा कामाची नाही. मालकाला न विचारता जंगलात उड्या मारायचे उंचवटे बांधणं तर या हक्कात बसतच नाही.

पीबल्सजवळच्या ग्लेनट्रेससारख्या ठिकाणी खास आखलेल्या वाटांवर सायकलसाठी तिकीट नाही, पार्किंगचे मात्र पैसे पडतात. हिरव्या, निळ्या, लाल, काळ्या खुणा चढत्या क्रमाने अवघड. नवख्याने काळीच्या नादी लागू नये.